युद्ध झाल्यास खोली रिकामी करावी लागेल

केकचा शेवटचा तुकडा कुणी उचलायचा नसतो, हे आमच्या होल्मवीकमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही नॉर्वेकर तसे भित्रे नाही. वादळात होडी घालतो, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यात उड्या मारतो. पण ताटातला शेवटचा तुकडा उचलायची छाती आमच्यात नाही. मग कुणीतरी सुरीनं त्याचे दोन भाग करतं आणि एक उचलतं. पुढचा उरलेल्याचे दोन करतो. असं करत करत सभा संपते तेव्हा ताटात जे उरतं ते खायला माणूस नको, मुंगी हवी. मला हे सगळं ठाऊक आहे. माझं वय एक्कावन्न आहे आणि मी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात काम करतो, म्हणजे नियम मोडणाऱ्यांत माझं नाव कुणी घेणार नाही. तरीही त्या संध्याकाळी, मुलींच्या हँडबॉल संघाच्या पालकसभेत, मी त्या तुकड्याकडे हात केला.

ताट टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला होतं, म्हणून हात जरा उंच गेला. नेमकं त्याच क्षणी अध्यक्षांनी विचारलं होतं, की मुलींच्या व्यायामाच्या खोलीची जबाबदारी कोण घेतंय. अशा प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं, ते म्हणजे बुटांकडे बघणं. सगळे पालक आपापल्या बुटांकडे असे बघत होते, की जणू ते आजच विकत आणलेत. वर होता तो फक्त माझा हात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

हात खाली घेता आला नसता का, असं माझी बायको बोदिल अजून विचारते. श्रमदानासाठी वर केलेला हात खाली घेणारा माणूस होल्मवीकमध्ये एकच होऊन गेला आणि त्याची नातवंडं आता कॅनडात असतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तेवढ्यात केकचा तुकडाही कुणीतरी अर्धा केला.

खोलीचा प्रश्न मात्र खरा होता. आमची तिरिल चौदा वर्षांची आहे. या वयात पोरी एका उन्हाळ्यात वीतभर वाढतात. हाडं पुढं पळतात आणि स्नायू मागं राहतात. त्यात हँडबॉल म्हणजे उडी मार, हवेत वळ, एका पायावर उतर. मागच्या हिवाळ्यात तिच्याच संघातली एक मुलगी अशीच उतरली आणि तिचा गुडघा आत वळला. मी तेव्हा बाहेर संघाच्या निधीसाठी वॉफल विकत होतो. आत काय झालं ते मला दिसलं नाही, पण सगळं सभागृह एकदम गप्प झालेलं मला ऐकू आलं. ती पोरगी वर्षभर मैदानात उतरली नाही. तेव्हापासून मी सामना बघायला जातो, पण चेंडू कुठं आहे ते मला कधीच सांगता येत नाही. मी तिरिलचे गुडघे बघत असतो. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटते.

संघाची प्रशिक्षक इदून हिचे स्वतःचे दोन्ही गुडघे ऑपरेशन करून झालेत. वय एकोणतीस, बोलणं मोजकं. सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "पोरींना ताकद हवी. ताकदीला जागा हवी. ब्रेकसुंदच्या क्लबनं मला बोलावलंय, त्यांच्याकडे खोली आहे. शरदाच्या सुट्टीपर्यंत इथं जागा झाली तर मी राहीन. नाहीतर जाईन. आणखी एक गुडघा मोडताना मी बघणार नाही."

घरी आल्यावर तिरिलनं मला स्वयंपाकघरात गाठलं. तिला बातमी आधीच कळली होती.

"बाबा, इदून गेली तर मी हँडबॉल सोडणार."

"नाही जाणार ती. मी घेतलंय ना काम."

"म्हणून तर सांगतेय," ती म्हणाली. "आणि प्लीज, तू काही खास करू नकोस. फक्त खोली बघ. पोरींशी बोलू नकोस. विनोद तर अजिबात नको."

माझ्या विनोदांबद्दल ऑफिसात लोकांचं मत बरं आहे, पण तो मुद्दा मी तिथं काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. होल्मवीकमध्ये दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं असभ्य समजतात, म्हणून लोक आधी हवेबद्दल बोलतात आणि मग खुपसतात. लहानपणी वजनं उचलली की उंची खुंटते, असं मला किराणा दुकानातल्या बाईनं सांगितलं. तिची स्वतःची उंची फारशी नव्हती. तिनं वजनं उचलली होती का, ते विचारायचं मी टाळलं. दातांच्या डॉक्टरनं माझं तोंड उघडं असताना सांगितलं की ताकद वगैरे सगळं माशाच्या तेलात आहे. मला विरोध करता आला नाही. सगळ्यात जास्त सल्ले आमच्या शेजारच्या स्वेर्रेचे. हा जहाजावरून निवृत्त झालेला इंजिनियर. आमची घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे त्याचा सल्ला कधीकधी भिंतीतूनही येतो.

"आमच्या वेळी कुठल्या खोल्या होत्या?" तो म्हणाला. "हेरिंग माशांची खोकी उचलायचो. लाकडं फोडायचो. पोरींना माझ्याकडे पाठव, दोन खेपांचं लाकूड पडलंय मागं."

लाकूड फोडून कुणाचा फायदा होणार होता ते मला दिसत होतं, पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतर म्हणण्यात अर्थ नसतो.

लोखंड मात्र लगेच मिळालं. एक व्यायामशाळा बंद होत होती आणि 'येऊन घेऊन जा' अशी जाहिरात होती. फुकट म्हटलं की मला ट्रेलर जोडल्याशिवाय राहवत नाही. वजनाच्या चकत्या, दांडे, बाकं, असं सगळं भरून आणताना आमच्या गाडीचं नाक आभाळाकडे होतं आणि बोदिल शेजारी बसून एक शब्द बोलत नव्हती. सध्यापुरतं सगळं आमच्या गॅरेजमध्ये लावू, असं मी म्हणालो. 'सध्यापुरतं' या शब्दावर आमच्या लग्नाची बरीच वर्षं गेली आहेत.

गॅरेजमध्ये मांडामांड झाली. कसं दिसतं ते बघावं म्हणून मी एक दांडा छातीपर्यंत उचलला. उचलणं जमलं. ठेवणं जमलं नाही. दांडा जमिनीवर आदळला, जमीन हादरली, मग भिंत हादरली आणि भिंतीपलीकडे स्वेर्रेच्या गॅरेजमध्ये काहीतरी सावकाश कोसळल्याचा आवाज आला. तो आवाज बराच वेळ येत राहिला.

ते त्याचं मुरंब्याचं फडताळ होतं. साधा मुरंबा असता तर मी दुसऱ्या दिवशी दुकानातून आणून दिला असता. पण तो दलदलीतल्या पिवळ्या बोरांचा होता. ही बोरं डोंगरातल्या पाणथळ जागी, मच्छरांच्या सोबतीनं, वाकून वाकून एकेक वेचावी लागतात. कुठं वेचली ते आमच्याकडे माणूस मृत्युपत्रातही सांगत नाही. स्वेर्रे बरण्यांच्या काचांत उभा होता. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "बायको गेल्यापासून एकटाच जातो वेचायला." आणि त्या दिवसापासून भिंतीतून सल्ले यायचे बंद झाले. मी कधी कल्पनाही केली नव्हती की मला त्यांची आठवण येईल.

गॅरेज संपलं. मग बोदिलनंच आठवण केली, की जुन्या क्रीडागृहाखाली बाँबपासून बचावाचं तळघर आहे. जाड भिंती, जाड जमीन, आत कितीही आपटलं तरी पलीकडे मुरंबा नाही. अशी तळघरं गावोगाव आहेत. युद्ध झालंच नाही म्हणून त्यांत कुणी गिटार वाजवतं, कुणी नेमबाजी करतं. मालक नगरपालिका. अर्ज करायचा बांधकाम खात्याकडे. बांधकाम खात्यात हे काम बघतो कोण, तर मी.

मला वाटलं, चला, आयताच घास. अर्ज लिहिला, पाठवला आणि सोमवारी सकाळी तो माझ्याच टेबलावर आला. मी कॉफी घेतली, अर्ज वाचला, चांगला लिहिलाय असं मनात म्हटलं आणि मग माझ्या लक्षात आलं की अर्जदार माझा नातेवाईक नसून मीच आहे. आमच्याकडे पुतण्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा माणूस स्वतः परवानगी देत नाही. मी अर्जावर 'या प्रकरणी मी निर्णय देण्यास अपात्र' असा शेरा मारला, सही केली आणि समोरच्या टेबलावरच्या शेलाउगला दिला.

शेलाउग आणि मी बारा वर्षं समोरासमोर बसतो. साडेअकराला आम्ही डबे उघडतो, ती तिचा तपकिरी चीज लावलेला पावाचा काप खाते, मी माझा, आणि आम्ही हवेबद्दल बोलतो. त्या दिवशी तिनं अर्ज वाचला आणि खुर्ची वळवून माझ्याकडे पाठ केली.

"शेलाउग?" मी म्हणालो.

"प्रकरण चालू असेपर्यंत अर्जदाराशी खाजगीत बोलणं बरं नाही," तिनं भिंतीला सांगितलं.

पुढचे कित्येक आठवडे तिनं हा नेम पाळला. तिला माझ्याशी काही बोलायचं झालं की ती पत्र टाईप करायची. मला तिचा टंकलेखनाचा आवाज ऐकू यायचा, ती उठून पत्र टपालाच्या खणात टाकताना दिसायची आणि दोन दिवसांनी ते माझ्या घरी यायचं. पहिल्या पत्रात तळघराचा मूळ नकाशा मागितला होता. नकाशा बांधकाम खात्याच्या दप्तरातून मिळवावा, असंही लिहिलं होतं, आणि संपर्कासाठी माझं नाव, हालवर. मी घरून स्वतःला विनंतीचं पत्र लिहिलं. ते ऑफिसात मला मिळालं. पण अर्जदार मी असल्यामुळे त्याला उत्तर द्यायला मी अपात्र, म्हणून ते शेलाउगकडे दिलं. तिनं उठून माझ्या पाठीमागच्या कपाटातून नकाशा काढला, त्याची प्रत केली आणि टपालात टाकली. मी ते सगळं बघत होतो. बोदिल म्हणाली की असल्या लोकांच्या हातात बाँबपासून बचाव सोपवलाय हे तिला आधी माहीत नव्हतं.

त्यात तळघर रिकामं नव्हतं. आत शाळेच्या बँडचं सामान होतं. आमच्याकडे राजाला एकवेळ उठ म्हणता येईल, शाळेच्या बँडला नाही. हे लोक दर शरदात जुन्या वस्तूंचा बाजार भरवतात आणि न विकलेलं सगळं तळघरात ढकलतात. सोफे, दिवे, एक पाय नसलेली टेबलं, आणि कुणी काहीही केलं तरी विकला न जाणारा एक पेंढा भरलेला मोठा ससाणा. बँडच्या अध्यक्षीणबाई अतिशय गोड बोलल्या. त्यांना मुलींच्या ताकदीबद्दल फार आस्था होती. सामान खुशाल हलवा, म्हणाल्या, फक्त ते कोरड्या आणि कुलपाच्या जागी हवं, आणि माझं गॅरेज मोकळं होतंय असं त्यांनी ऐकलंय. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. लोखंड तळघरात गेलं, सोफे गॅरेजमध्ये आले, गाडी रस्त्यावर आली. ससाणा आत मावेना म्हणून काही दिवस आमच्या जिन्यात उभा होता.

हे सगळं हलवता आलं, कारण शेलाउगनं अखेर तात्पुरती परवानगी दिली होती. पत्रात एक अट होती: युद्ध झाल्यास खोली रिकामी करावी लागेल. कायद्यात त्यासाठी तीन दिवस दिले आहेत. तेवढा वेळ अधिकारी तिथं उभा राहू शकत नसल्यामुळे क्लबनं स्वतःच्या माणसांनिशी एका दुपारात खोली रिकामी करून दाखवावी, मग पक्की परवानगी. तारीख तिनं कळवली नव्हती.

असो. पोरींचा व्यायाम सुरू झाला. पहिल्या दिवशी मी सगळं लोखंड पुसून, तेल लावून, लहान-मोठ्या चकत्यांच्या चळती रचून दारात उभा होतो. इदून आली, तिनं चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "छान. झाडूच्या काठ्या आहेत का?"

मला वाटलं तिला झाडायचंय. तसं नव्हतं. पहिले सहा आठवडे पोरी झाडूच्या काठ्या उचलणार होत्या. पाठ सरळ, टाचा जमिनीवर, गुडघे बाहेर, काठी खांद्यावर, बसा, उठा. मग उडी मारून आवाज न करता उतरा. मग एकमेकींना पाठीवर घेऊन चाला. मी ट्रेलरभर लोखंडासाठी एका म्हाताऱ्याचा मुरंबा घालवला, बायकोचा अबोला सोसला, घरात ससाणा ठेवला, आणि ही बाई काठ्या मागत होती. मी नम्रपणे विचारलं की निदान सगळ्यात छोटी चकती तरी.

"आधी शरीराला रीत कळू दे," इदून म्हणाली. "रीत नसताना वजन दिलं तर ते वजन गुडघ्यात जातं, नाहीतर पाठीत. तू उचलतोस ना, तेव्हा पाठीतून उचलतोस. मी पाहिलंय."

कोपऱ्यात पोरी हसल्या. तिरिलनं छताकडे बघितलं. मी दुकानातून काठ्या आणल्या आणि त्यानंतर व्यायामाच्या वेळी बाहेर गाडीत बसायला लागलो. पण तळघराच्या जिन्याला वरती एक जाळीची खिडकी आहे. तिच्यातून मी बघायचो. पोरी उडी मारत होत्या, उतरत होत्या, पुन्हा मारत होत्या. इदून एकेकीपाशी जाऊन गुडघ्याला बोट लावून सांगत होती, इकडे नको, इकडे. ते बघताना माझा राग कुठं जायचा ते कळायचं नाही.

तारखेचं पत्र आलं. शुक्रवार, शरदाच्या सुट्टीच्या आधीचा. मी हतबुद्ध झालो. या शुक्रवारी दुपारी बारानंतर होल्मवीकमध्ये माणूस उरत नाही. जो तो डोंगरातल्या आपल्या लाकडी घराकडे निघतो, आणि उरलेले हरणाच्या शिकारीला जातात. मी ऑफिसात शेलाउगच्या पाठीला म्हणालो की तारीख जरा मागं-पुढं. पाठ काही बोलली नाही. दोन दिवसांनी पत्र आलं: शत्रू सुट्ट्या बघून येत नसतो.

त्यात त्याच शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इदूनला ब्रेकसुंदच्या क्लबला हो-नाही कळवायचं होतं. मी सगळ्या पालकांना फोन केले. सगळ्यांना अतिशय वाईट वाटलं. एकानं तर डोंगरातून फोन उचलला आणि मागे शेकोटीचा तडतड आवाज येत असताना सांगितलं की मनानं तो तिथंच आहे. रात्री तिरिल माझ्या खोलीच्या दारात आली.

"कुणीच येत नाहीये ना?"

"बघू."

"बाबा, खरं सांग."

"मी येतोय," मी म्हणालो. एवढंच खरं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं, पण तिथं नुसती भीती होती आणि ती मला माझीच वाटली.

शुक्रवारी दुपारी तळघराच्या दारात शेलाउग फाईल घेऊन उभी होती. साडेतीनला तिचं ऑफिस सुटत होतं आणि तिची गाडीही सामानानं भरलेली दिसत होती. मोठ्या माणसांपैकी मी, इदून आणि, मी डोळे चोळून पाहिलं, स्वेर्रे. तो हातगाडी घेऊन आला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरींसाठी आलोय." मग हातगाडीवरच बसला आणि कुणी काय कसं उचलावं हे सांगू लागला. इतक्या दिवसांनी त्याचा सल्ला ऐकून मला भरून आलं.

शेलाउगनं इदूनला सांगितलं, "अर्जदाराला विचार, त्यांची माणसं कुठं आहेत."

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला. "आम्ही आहोत ना." पोरी आल्या होत्या. झाडून सगळ्या. मागच्या हिवाळ्यात गुडघा आत वळलेली तीसुद्धा, दार धरायला.

आणि त्यांनी उचलायला सुरुवात केली. मी उन्हाळाभर ज्या लोखंडाला पुसलं त्याला त्यांनी पहिल्यांदा हात लावला. पाठ सरळ, टाचा जमिनीवर, गुडघे बाहेर. एकही धावत नव्हती, एकही किंचाळत नव्हती. चकत्या वर गेल्या, दांडे वर गेले, दोघी-दोघींनी बाकं वर नेली. जिन्यातून नुसता बुटांचा आवाज येत होता आणि वरून स्वेर्रेचा. शेलाउगनं दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोन्ही वेळा तिला ते खोटं वाटल्यासारखं दिसलं.

शेवटी उरली सगळ्यात मोठी चकती. ती भिंतीला टेकून उभी होती. एवढ्या सगळ्या वेळात मी एक पाण्याची बाटली आणि दोन काठ्या वर नेल्या होत्या. माणसाला काही मान असतो. मी म्हणालो, "ही माझी." इदून म्हणाली, "हालवर, आधी बस, मग—" पण तोवर मी वाकलो होतो.

पाठीत काहीतरी झालं. दुखलं असं म्हणता येणार नाही. दुखायला मागाहून सुरुवात झाली. आधी नुसतं कुलूप लागलं. चकती हातातून सुटून गडगडत गेली, तिला दोघींनी पकडून बाहेर नेलं, आणि मी होतो तसाच राहिलो. चेहरा जमिनीकडे, बाकीचा भाग शेलाउगकडे. वर होता येईना, बसता येईना, एक पाऊल टाकता येईना. बारा वर्षं डबा समोरासमोर खाल्लेल्या माणसाला या बाजूनं बघायची वेळ तिच्यावर यावी याचं मला मनापासून वाईट वाटलं.

"आता खोली रिकामी आहे का?" इदूननं विचारलं.

शेलाउगनं फाईल उघडली. तिचा आवाज जरा घोगरा झाला होता, पण ती नियमाला सोडून एक अक्षर बोलली नाही. "खोलीत अजून अर्जदार आहे."

वरून स्वेर्रे ओरडला की अशा माणसाला दोर बांधून ओढतात, जहाजावर त्यानं केलंय. कुणी लक्ष दिलं नाही. तिरिल पुढे आली. ती माझ्यासमोर खाली बसली आणि माझा चेहरा शोधून म्हणाली, "बाबा, तू काही करू नकोस. एकदम सैल सोड. आम्ही घेतो."

"मी जड आहे."

"माहितीये. हात इथं दे."

चौघींनी मला उचललं. खुर्ची उचलतात तसं, जसा होतो तसा. दोघी काखेत, उलट्या पावली जिना चढत. दोघी गुडघ्यांखाली, आणि त्यातली एक तिरिल. खालच्या बाजूला जास्त वजन येतं. इदून शेजारून चालत होती आणि मी तिथं नाहीच अशा थाटात बोलत होती. "कंबर खाली ठेव. छान. श्वास घे. तिरिल, घाई नको. पायरी. पुन्हा पायरी."

माझं डोकं खाली झुकलेलं होतं, त्यामुळे मला दुसरं काही दिसत नव्हतं. तिरिलचे गुडघे दिसत होते. प्रत्येक पायरीला माझं सगळं ओझं त्यांच्यावर येत होतं. मी श्वास रोखून बघत होतो. ते थरथरले, एकदा चांगलेच थरथरले, पण आत वळले नाहीत. वरच्या पायरीपर्यंत एकदाही नाही. मला लाज वाटायला हवी होती, इतक्या पोरींसमोर मुलीनं बापाला पोत्यासारखं नेलं म्हणून. मला रडू येत होतं आणि ते दुखण्याचं नव्हतं.

त्यांनी मला गवतावर कुशीवर ठेवलं. शेलाउग शेवटची वर आली, तिनं मागे वळून पोलादी दारातून आत पाहिलं, फाईलवर सही केली आणि कागद इदूनच्या हातात दिला. मग ती माझ्यापाशी येऊन उकिडवी बसली. "प्रकरण संपलं," ती म्हणाली. "कसा आहेस रे, हालवर? रुग्णवाहिका बोलावू?" तिचे डोळे ओले होते. हसून की कशानं, ते मी अजून विचारलेलं नाही.

इदूननं तिथंच उभं राहून ब्रेकसुंदला फोन लावला. नाही, म्हणाली. येत नाही. खोली झाली आमची. मग पोरींकडे वळून म्हणाली, "सुट्टीनंतर लोखंड सुरू. आता हे सगळं परत खाली न्या."

पोरी हसत, कुरकुरत उठल्या. तिरिल तेवढी माझ्याजवळ गवतावर बसून राहिली. धाप लागलेली, केस कपाळाला चिकटलेले, हाताला लोखंडाचा काळा डाग. मी काहीच बोललो नाही. विनोद तर अजिबात नाही. तिनं आपल्या मांड्या दाबून पाहिल्या, आपल्याच आहेत ना याची खात्री करावी तशा, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, तुझं वजन किती आहे? खरं सांग. मला मुलींना सांगायचंय."

डॉक्टरपासून बोदिलपर्यंत आजवर ज्यानं कुणी हे विचारलं त्याला मी चार-पाच किलो कमीच सांगत आलो आहे. खरा आकडा ब्याण्णव. मी पदरचे तेरा किलो घातले आणि म्हणालो, "एकशे पाच."